रामटेके डॉक्टरांचे दोन प्रश्न

मनोविकारांचं काम शिकायला नागपूरला येणाऱ्या मुलामुलींना माझा एक तास फार आवडतो, आणि मला वर्षभरात तोच तास सगळ्यात नकोसा असतो. विषय भ्रम घडवणाऱ्या द्रव्यांचा. एरवी पेंगणारी पोरं त्या दिवशी ताठ बसतात. पडद्यावर दाखवायला रंगीत चित्रं आणतात, कोणतं द्रव्य मेंदूत कुठे जाऊन काय करतं हे माझ्याहून चांगलं पाठ करून येतात. मी सगळं ऐकून घेते. मग पिशवीतून एक वाळकं काटेरी फळ काढून टेबलावर ठेवते आणि विचारते, हे काय? शहरातली मुलं एकमेकांकडे बघतात. खेड्यातून आलेला एखादा हळूच म्हणतो, "धोतरा आहे मॅडम. महादेवाला वाहतात."

ते फळ मला रामटेके डॉक्टरांनी दिलं. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात मी तीन वर्षं त्यांच्या हाताखाली होते. तास संपला की फळ परत कागदात गुंडाळते आणि घरी जाऊन कोणाशी फारसं बोलत नाही. घरच्यांना आता ते ठाऊक झालंय.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे पत्र्याचा व्हरांडा आणि आवारात एक हातपंप. मी पहिल्या दिवशी इस्त्रीचा कुर्ता घालून, बॅगेत मानसशास्त्रीय चाचण्यांचे संच घेऊन रुजू झाले, तेव्हा डॉक्टर एका बुटक्या लाकडी स्टुलावर बसले होते आणि त्यांच्या खुर्चीत एक म्हातारा पेशंट ऐसपैस बसला होता. मला वाटलं, पेशंट खाली आहे आणि डॉक्टर वर. मी म्हाताऱ्याला नमस्कार केला. तो खूश झाला. डॉक्टर खालून म्हणाले, "मॅडम, मी इकडं हाव."

ती त्यांची रोजची बैठक होती. पंचावन्नच्या पुढचे, उंच, हडकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात पेनाएवढा टॉर्च आणि गालात लवंग. पेशंटला खुर्ची, आपण स्टूल. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "भेलेल्या मानसाले मान वर करून बोलाले लावू नये. त्यानं खाली पाहून सांगाव, आपन वर पाहून आयकाव." मोठे मनोविकारतज्ज्ञ ते नव्हते. साधी डॉक्टरकी झालेली, वर मनाच्या आजारांचं थोडं प्रशिक्षण घेतलेलं. पण आसपासच्या गावांना या कामासाठी दुसरं कोणी माहीत नव्हतं, त्यामुळे बैहरच्या जंगलापासून कटंगीच्या धानपट्ट्यापर्यंतची माणसं त्यांच्याच खुर्चीत येऊन बसायची. कोणी हिंदीत बोलायचं, कोणी मराठीत, बरेचसे दोन्हींच्या मधल्या कुठल्यातरी बोलीत. डॉक्टर समोरच्याच्या बोलीत शिरायचे.

दवाखान्यात एक शब्द बंद होता. पागल. तो शब्द जो उच्चारेल त्यानं हातपंपावर जाऊन व्हरांड्यातला माठ भरायचा. नातेवाइकांनी भरला, जीपवाल्यांनी भरला, एकदा एका हवालदारानं टोपी काढून ठेवून भरला. मीही एकदा भरलाय. फोनवर बहिणीशी थट्टेत बोलून गेले आणि मागून लवंगेचा वास आला. डॉक्टरांनी नुसती बादली पुढे केली.

आणि त्यांचे दोन प्रश्न. दारातून कोणीही येवो, बांधून आणलेला असो की हसत आलेला, डॉक्टर स्टूल पुढे ओढायचे आणि विचारायचे, "काय दिसते?" मग थोडं थांबून, "कोन बोलते?" तोंडावर हसू नाही, कपाळावर आठी नाही. भाजी काय आणली विचारावं तसं. पेशंट चिडून म्हणाला की तुम्हाला दिसत नाही का, तर डॉक्टर खरंच तिकडे वळून बघायचे आणि म्हणायचे, "मले नाई दिसत. पन तुले दिसते ना? मंग सांग." उत्तर आलं की न दचकता पुढचं विचारायचे, "अजून?" या "अजून"नं किती माणसं बोलती झाली ते मी पाहिलंय. पुस्तकं मीही वाचली होती. पण भुताचं वर्णन चालू असताना "अजून?" म्हणायला जी निवांत छाती लागते ती माझ्याकडे नव्हती.

दोन प्रश्नांमागचा हिशेब त्यांनी मला एका दुपारी डबा खाताना सांगितला. "डोळ्याचं असन, मॅडम, त आधी पोट विचारा. काय खाल्लं, काय पेलं, काय ओढलं. अन् कानाचं असन, कोनी बोलून राह्यलं, नाव ठेवून राह्यलं, त बसा. चाय मांडा. त्याले टाइम लागते." मग भाताचा घास हातात धरून म्हणाले, "नियम नाई हा. सवय हाय. सवयीले नियम समजन तो फसन."

दर गुरुवारी जीपनं बैहरकडे शिबिराला जायचो. एका पावसाळी गुरुवारी एक सासू-सून आल्या. म्हणजे सासूनं सुनेला दोन दिरांच्या मदतीनं धरून आणलं होतं. सून हवेतून न दिसणारे धागे वेचत होती, वेचून पदरात ठेवत होती, मध्येच भिंतीशी भांडत होती. चेहरा लालबुंद. सासू रडत होती, "साहब, बहू को कुछ लग गया." आमच्या कंपाउंडरनं नेहमीच्या दोन सुया भरल्या. आवरत नसलेल्या पेशंटला शांत करायची ती ठरलेली जोडी होती आणि त्याची काही चूक नव्हती. तो सुई घेऊन पुढे झाला आणि डॉक्टर असे ओरडले की तिच्या दिरांनी हात सोडले. तीन वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी तेवढा एकदाच ऐकला.

त्यांनी टॉर्च काढला. बुबुळं एवढी मोठी झाली होती की डोळ्यात काळ्याशिवाय काही उरलं नव्हतं. "जीभ दाखव बाई." जीभ कोरडी ठाक. अंगाला हात लावला, तापलेलं पण घामाचा टिपूस नाही. लघवी कधी झाली? सकाळपासून नाही. मग डॉक्टर सासूसमोर उकिडवे बसले. "क्या सब्जी बनी थी?" बांधावरून खुडून आणलेली पालेभाजी. कोणी खुडली? सुनेनंच, भर पावसात, घाईनं. घरातल्या बाकीच्यांनी डाळ खाल्ली होती. डॉक्टरांनी एका दिराला तिथला पाला आणायला पिटाळलं आणि तोवर सुनेला सलाइन लावून, ओल्या फडक्यांनी पुसत मोठ्या दवाखान्यात न्यायची गाडी मागवली. दीर पाला घेऊन आला. त्यात धोतऱ्याची पानं होती.

ती बाई वाचली. चार दिवसांनी घरी गेली आणि आपण धागे वेचले हे तिला आठवतही नव्हतं.

पण त्या दिवशी परतीच्या जीपमध्ये डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या जोडीतली एक सुई धोतऱ्याच्याच वाटेनं जाते, मॅडम. आंग अजून सुकवते, कलेजा अजून पळवते. मले मालूम नोतं." मी नवीन होतो, असं म्हणाले. कटंगीकडची पोरगी होती, अशीच हवेत हात मारणारी. मी पाहिलं, पागल हाय म्हनलो, सुई देल्ली. दुपारी आली होती, दिवस मावळाच्या आत गेली. बापानं माझे पाय धरले, डॉक्टरसाहेब तुम्ही लय केलं म्हणून. "तो पाया पडून राह्यला होता, अन् मले नंतर समजलं का मीच."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. माठाची शिक्षा कुठून आली ते मला तेव्हा कळलं. दवाखान्यात पोचल्यावर त्यांनी दिरानं आणलेल्या फांदीवरचं एक फळ तोडून मला दिलं. "ठेवा. इसराल त काढून पाहा."

त्यानंतर शहरांतून दुसरंच काही यायला लागलं. बालाघाटची पोरं इंदूर, भोपाळ, पुण्याला शिकायला जातात आणि सुट्टीत परत येताना काय काय घेऊन येतात. एका कंत्राटदाराचा मुलगा घरच्यांनी असाच आणला. त्यानं जिभेवर कागदाचा चिटोरा ठेवला होता, एलएसडीचा, आणि आता आईच्या तोंडावरून रंग ओघळताना त्याला दिसत होते. बाप त्याला फोडून काढायच्या तयारीत. डॉक्टरांनी बापाला माठ भरायला पाठवलं, खरं तर तो शब्द त्यानं उच्चारलाही नव्हता. मुलाला आतल्या खोलीत नेलं, पडदा ओढला आणि सकाळपासून चार वाजेपर्यंत त्याचा हात धरून स्टुलावर बसून राहिले. दर थोड्या वेळानं मनगटावरचं घड्याळ त्याला दाखवायचे. "हे उतरते, बेटा. पाह, काटा कुठं होता, कुठं आला." औषध जवळजवळ दिलंच नाही. संध्याकाळी मुलगा भात खाऊन घरी गेला.

मी भारावून गेले होते. डॉक्टर मात्र उगाच हरखणाऱ्यांतले नव्हते. म्हणाले, "याचं उतरलं. कोनाले महिनोन् महिने उजेडाच्या रेघा दिसत राह्यतात. अन् ज्याच्या घरात पहिलेच मनाचा आजार हाय, त्याचं झाकन उघडलं त मंग लागत नाई. म्हनून घरच्यांले विचारा, कोनाले होतं का." मग बोट वर करून, "अन् एक महिना, मॅडम. नशा सुटून महिना झाला, तरी आवाज येऊनच राह्यले, त नशेच्या माथी मारू नका. आजार म्हना, दवा सुरू करा. जेवढी वाट पाहाल तेवढं लेकरू दूर जाते." मी हे वहीत लिहून घेतलं. आजही तासाला तीच वही नेते.

सुमेध त्यांचा भाचा. कटंगीच्या विमलताईंचा एकुलता एक. इंदूरला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. मामा सुट्टीत त्याला शिबिराला आणायचे, तेव्हा जीपमध्ये तो एवढा बडबडायचा की ड्रायव्हर रेडिओ बंद करायचा. दसऱ्याला घरी आला तो गप्प. मित्रांबरोबर कागद घेतला होता, पुढे कसल्याशा मश्रूमही खाल्ल्या होत्या. तीन-चार वेळा. त्यानं स्वतःच सांगितलं. आता खोलीचं दार लावून बसायचा, जेवताना मध्येच थांबायचा आणि मान किंचित वाकडी करायचा. आवाज ऐकणारी माणसं मी पाहिली होती. ती मान मला ओळखीची होती.

विमलताई दवाखान्यात येऊन भावासमोर रडल्या, "दादा, पागल झाला का वो माहा पोरगा?" मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते उठले, बादली घेतली, आणि स्वतः जाऊन माठ भरून आले.

स्टूल ओढून त्यांनी भाच्याला विचारलं, "काय दिसते?" सुमेध म्हणाला, "कधी कधी भिंत हालते, मामा." डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी दुसऱ्या प्रश्नाची वाट पाहत होते. तो आलाच नाही. "उतरन," ते म्हणाले आणि झोपेची साधी गोळी लिहून दिली.

पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक भेटीला पहिला प्रश्न यायचा, आणि दुसऱ्याच्या जागी डॉक्टर गालातली लवंग बदलायचे. महिना उलटला. दोन झाले. मी एकदा फाइल काढून बघितली. दर आठवड्याची तारीख अगदी प्रामाणिकपणे लिहिलेली, आणि पुढे एकच शेरा, अजून वाट पाहू. "घरात कोणाला" ही ओळ त्यांच्या हातून कधी सुटायची नाही. इथे ती कोरी होती.

ती कोरी का, हे मला विमलताईंनी सांगितलं, व्हरांड्यात, खालच्या आवाजात. त्यांचे वडील, म्हणजे डॉक्टरांचेही. घरामागच्या चिंचेखाली बसून दिवसभर कोणाशी तरी भांडायचे. गावची पोरं दगड मारायची. दादा शाळेतून आला की दप्तर फेकून बापापुढं उभा राह्यचा, दगड आपल्या आंगावर घ्याचा, असं विमलताई म्हणाल्या. औषध कोणी दिलं नाही. "दादा त्याच्याचसाठी डॉक्टर झाला, मॅडम."

मला राग आला होता, हे इथे स्पष्टच लिहिते. त्यांचा आणि त्याहून जास्त माझा. एवढं कळत असलेला माणूस आपल्याच माणसापुढे असा आंधळा व्हावा? आणि मी बघत बसावं? एका संध्याकाळी धीर करून म्हटलं, "सर, तिसरा महिना लागलाय."

ते टेबल आवरत होते. "लपून घेत असन अजून. पोरं आनतात बॅगीतून."

"सर, तुम्ही दोनदा बॅग तपासलीत. काही नव्हतं."

"मंग तिसऱ्यानं तपासतो."

"सर, त्याला दुसरा प्रश्न विचारा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी भांडले असते. भीती होती. इतक्या भेदरलेल्यांना खुर्चीत बसवणारा हा माणूस, आणि त्याच्या चेहऱ्यावर ती भीती मला बघवेना. "तुमी जा, मॅडम. बस चुकन तुमची," ते म्हणाले. मी गेले. चौथ्या महिन्यात नागपूरची नोकरी मिळाली तशी बालाघाटच सोडून गेले. ते मोठे आहेत, अनुभवी आहेत, मी कोण सांगणारी, असं मी स्वतःला समजावलं. ते खोटं होतं. मला कोणाशी वाईटपणा घ्यायचा नव्हता, एवढंच खरं.

उन्हाळ्यात फोन आला. सुमेधनं मेणबत्ती वितळवून मेण उजव्या कानात ओतलं होतं. आवाज बंद व्हावेत म्हणून. फोनवर डॉक्टर एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे घेऊन येतो. तुमच्या साहेबांले सांगून ठेवजा. मी दवा देनार नाई."

त्या दिवशी आमच्या बाहेरच्या दालनात नेहमीसारखी गर्दी होती. मी फाइल घ्यायला बाहेर आले तेव्हा ते दोघे दाराजवळच्या बाकापाशी होते. सुमेधच्या कानाला पट्टी. ऐकण्यातला बराचसा भाग गेलाय, हे कानाच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बाहेरचं कमी ऐकू येणार होतं, आतलं तसंच. रामटेके डॉक्टरांनी फाइल माझ्या हातात दिली. मी उघडली. "घरात कोणाला" या ओळीपुढे निळ्या शाईत लिहिलं होतं, आजोबा, आईचे वडील. खाली आठ महिन्यांचे शेरे होते तसेच ठेवलेले, एकही खोडलेला नाही.

"तुमी सांगतलं होतं," ते म्हणाले.

मी मान हलवली. मी पुरेसं सांगितलं नव्हतं, हे मला म्हणायचं होतं. तेवढ्यात आतून कोणी हाक मारली आणि मी आत गेले, साहेबांना फाइल दाखवली, नाव पुकारायला परत दाराशी आले. आणि तिथेच थांबले.

आमच्याकडे बुटकं स्टूल नाही. डॉक्टर बाकावरून उतरून फरशीवर बसले होते, भाच्याच्या पायाशी, चांगल्या डाव्या कानाच्या बाजूला. लोक त्यांना ओलांडून जात होते. त्यांनी सुमेधच्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि मान वर केली होती.

"सुमेध," ते म्हणाले. "कोन बोलते रे तुह्यासंग?"

सुमेधनं मान किंचित वाकडी केली, नेहमीसारखी. डॉक्टरांनी घाई केली नाही.

"तुमीच तं बोलता, मामा," तो म्हणाला. "दिवसभर. थांब म्हन्ता. पाहू म्हन्ता."

डॉक्टरांचा हात गुडघ्यावर होता तसाच राहिला. चेहरा मला दिसत नव्हता, फक्त वर केलेली मान आणि तेल लावलेले पांढरे केस दिसत होते. नाव पुकारायचं मला सुचलं नाही.

"अजून?" त्यांनी विचारलं. "अजून काय म्हन्तो मी?"